पास करायची कळ

कीबोर्डावरच्या कळा ज्या कुणी मांडल्या, त्यांनी मला विचारून मांडल्या नव्हत्या. म्हणून त्या हलवताना मीही कुणाला विचारत नाही. नवा संगणक हाती आला की माझा पहिला अर्धा तास याच उद्योगात जातो. जी कळ लागत नाही तिला दुसऱ्या कामाला जुंपायचं, जे रोज-रोज लिहावं लागतं ते एका कळीत भरून ठेवायचं. माझ्या संगणकावर घरातल्या दुसऱ्या कुणाला धड एक ओळ टाइप करता येत नाही. ते चिडतात. चिडोत बापडे.

हा उद्योग मी पहिल्यांदा केला तो भोपाळला, आमच्या कारखान्यात. आमच्या म्हणते, कारण मी त्याच्याच दवाखान्यात जन्मले, त्याच्याच शाळेत शिकले, बरखेड्यात त्याच्याच क्वार्टरमध्ये वाढले आणि इंजिनियर होऊन त्याच्याच गेटातून कामाला आत गेले. मला तपासणी विभाग मिळाला. कारखान्यात मोठाल्या इलेक्ट्रिक मोटारी बनत आणि त्यांचा प्रत्येक सुटा भाग जोडणीला जाण्याआधी आमच्याकडून पास व्हावा लागे. अशा सुट्या भागाला तिथे सगळे ‘जॉब’ म्हणत.

विभागातले सगळ्यांत जुने तपासनीस म्हणजे आमच्या मागच्या ओळीतल्या क्वार्टरमधले काका. रक्ताचे काही लागत नव्हते, पण टाउनशिपमध्ये वडिलांच्या मित्राला दुसरं काय म्हणणार? शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या कामाच्या शेडमध्ये, बाकी सगळे त्यांना ‘दादा’ म्हणायचे. मूळचे सांगलीकडचे, चौतीस वर्षं भोपाळात, हिंदी अस्खलित आणि मराठी जशी आणली तशीच. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि अवधपुरीत स्वतःच्या नव्या घराचा स्लॅब टाकून झाला होता.

प्रत्येक तपासनिसाकडे एक पोलादी पंच असायचा, बोटाएवढा, टोकाला त्याचा नंबर कोरलेला. जॉब पास झाला की त्यावर पंच धरून हातोडा मारायचा. नंबर उमटला म्हणजे त्या माणसाने शब्द दिला. आणि आमच्याकडे एक रीत होती. निवृत्तीच्या दिवशी तपासनीस आपला शेवटचा जॉब सगळ्यांसमोर पास करायचा, स्वतः पंच मारायचा आणि मग तो पंच विभागाच्या साहेबांच्या हाती सोपवायचा. त्या एका दिवसासाठी बायकोला गेटपास मिळायचा. काकूंनी त्या दिवसाची साडीसुद्धा ठरवून ठेवली होती. "चौतीस वर्षं डबा भरून दिला," त्या म्हणायच्या, "हे तो कुठे बसून खातात ते एकदा तरी बघू दे."

अशात विभागात हातात मावणारे संगणक आले. चष्म्याच्या घरासारखे उघडायचे, वरच्या अर्ध्या भागात करडा पडदा, खालच्या अर्ध्यात वाटाण्याएवढ्या कळा, पोटात दोन पेन्सिल सेल. जॉबची मापं कागदावर न लिहिता यात भरायची आणि शिफ्ट संपली की वायरने मोठ्या संगणकात ओतायची. साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "पहली तारीख़ से काग़ज़ बंद. जिनसे यह नहीं होगा, वो रिकॉर्ड सेक्शन में बैठेंगे."

रिकॉर्ड सेक्शन म्हणजे फायलींची खोली. तिथे बदली झाली की पंच त्याच दिवशी जमा. पुढचं काय ते काकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेवटचा जॉब नाही, शेवटचा ठोका नाही.

त्या संध्याकाळी ते यंत्र रुमालात गुंडाळून आमच्या घरी आले. त्यांची बोटं जाडजूड, एक कळ दाबायला जावं तर तीन दाबल्या जायच्या. एका जॉबची बारा मापं भरायला त्यांना पाऊण तास लागला होता. "पोरी," ते म्हणाले, "मला शेवटचा पंच माझ्या हाताने मारायचाय. बाकी काही नको. या खेळण्याचं काय ते तू बघ."

असं कुणी म्हटलं की मला दहा हत्तींचं बळ येतं. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मी आधीच वाचून काढली होती. विभागात ती वाचणारी मी एकटीच. त्यात एक सोय होती, मॅक्रो नावाची. यंत्राला एकदा दाखवायचं की मी या क्रमाने या पन्नास कळा दाबते. मग ते सगळं एका कळीवर बांधून टाकायचं. नंतर ती एक कळ दाबली की त्या पन्नास यंत्र स्वतःच दाबतं.

मी काकांच्या यंत्राची सगळी मांडणी उलथीपालथी केली. आकडे एकमेकांपासून लांब नेले, मधल्या कळा मारून टाकल्या, म्हणजे चुकून दाबल्या तरी काही होऊ नये. जॉबचं नाव, शॉपचा नंबर, ड्रॉइंगचा नंबर, हे सगळं एकेका कळीत. कळा बोटाला कळाव्यात म्हणून काकूंच्या मखमली टिकल्यांचं पाकीट मागून आणलं आणि महत्त्वाच्या कळांवर टिकल्या चिकटवल्या. काकू म्हणाल्या, "माझ्या कपाळावर राहत नाहीत, तिथे कशा राहतील?" राहिल्या की.

सगळ्यांत मोठी लाल टिकली मी कोपऱ्यातल्या कळीला लावली. ती दाबली की भरलेली मापं जपली जायची, ‘पास’ असं लिहिलं जायचं, काकांचा नंबर आणि तारीख पडायची आणि पुढचा जॉब उघडायचा. सगळं एका दमात. माझा हिशोब साधा होता. बहुतेक जॉब पासच होतात, मग तीच कळ सगळ्यांत सोपी हवी. नापास करायचं तर मेनूत जा, कारण निवडा, तीनदा हो म्हणा. क्वचितच लागणारं काम, जाऊ दे तिकडे लांब.

यात माझं आणखी एक मत होतं आणि ते मी कुणाला बोलले नव्हते. जुन्या कागदांवर शेवटचा रकाना पास-नापासचा असायचा. काका मापं सकाळी भरायचे आणि तो रकाना रिकामाच ठेवायचे. चहा झाला की मग गठ्ठ्याने बसून तो भरायचे. मला वाटायचं, हा म्हाताऱ्यांचा आळस. मापं बसली ना ड्रॉइंगमध्ये? मग पास लिहायला मुहूर्त कशाला हवा? तेव्हा माझ्या कळीने तो आळसही परस्पर निकालात काढला होता आणि मी स्वतःवर फार खूश होते.

पंधरा दिवसांत काका विभागातले सगळ्यांत जलद झाले. पाऊण तासाचं काम सात-आठ मिनिटांवर आलं. तरणेताठे लोक एकेक कळ शोधत बसलेले आणि हे टिकल्या चाचपत पुढे गेलेले. साहेब त्यांच्या खांद्यावरून डोकावून गेले आणि म्हणाले, "वाह दादा!" रिकॉर्ड सेक्शनची गोष्ट मागे पडली. काकूंनी मला पुरणपोळ्या खायला बोलावलं आणि मी सहा खाल्ल्या.

तीन-एक आठवड्यांनी, दुपारी, काका माझ्या टेबलाशी आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "चल माझ्याबरोबर." आम्ही जोडणीच्या शॉपमध्ये गेलो. तिथे एक मोटार जवळजवळ पुरी झाली होती. तिच्या टोकाला बेअरिंगचं कव्हर बसवलेलं होतं, ओतीव लोखंडाचं, परातीएवढं. काकांनी त्यावरून हात फिरवला. "यावर माझा पंच नाही," ते म्हणाले. "हे मी पास केलेलं नाही. परवा यावर खडूने फुली मारली होती. याला चीर आहे."

मी मोठ्या संगणकावर जाऊन पाहिलं. जॉब पास. काकांचा नंबर, सकाळची वेळ. जोडणीवाल्यांनी यादीत ‘पास’ पाहिलं, खडू पुसला आणि कव्हर बसवलं. पंच पाहायची सवय त्या नव्या यादीने मोडलीच होती.

माझा आवाज चढला. "काका, मी सांगितलं होतं ना, लाल टिकली म्हणजे पास!"

"तू म्हणालीस, झालं की लाल दाबा, पुढचा जॉब येतो. मापं झाली की मी दाबत गेलो."

"मापं झाली म्हणजे पासच ना?"

मग मला त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना माझे कान गरम झाले. मापं हा पहिला फेरा. मापं घेतली की ओतीव जॉबच्या कोपऱ्यांना रॉकेल चोपडायचं, थोडं थांबून कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड फासायची. मग त्याला हात लावायचा नाही. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. त्याला अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्या वेळात चहा. चहानंतर दिवा घेऊन दुसरा फेरा आणि तेव्हा कुठे शेवटचा रकाना.

ज्याला मी आळस समजत होते ती तपासणी होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. वर्षभर मी त्याच शॉपमध्ये वावरत होते आणि एकदाही दुसऱ्या फेऱ्याला त्यांच्याबरोबर गेले नव्हते. बाकीचे जॉब निभावले, कारण ते खरोखर चांगले होते. दुसऱ्या फेऱ्यात काकांनी त्यांवर पंच मारला. हा एकच खराब निघाला. नापास करायला काका मेनूत गेले तर तपासायच्या यादीत त्याचं नावच नाही. त्यांना वाटलं, यंत्रानेच काढून टाकला असेल. फुली मारली आणि ते पुढच्या जॉबला लागले.

मी घाबरले होते. स्वतःसाठी थोडी, त्यांच्यासाठी जास्त. हे वर गेलं की काका सरळ फायलींच्या खोलीत. म्हणून मी आवाज खाली आणून म्हटलं, "नोंद मी बदलते काका. जोडणीवाल्यांना सांगून कव्हर तेवढं गुपचूप बदलून घेऊ. कुणाला कळणार नाही."

"आणि यंत्र उद्या दुसऱ्या कुणाचा जॉब असाच पास करेल, त्याचं?" ते म्हणाले आणि साहेबांच्या केबिनकडे चालायला लागले. मला त्यांचा असा राग आला! मी इतकं करून ठेवलेलं हा माणूस स्वतःच्या हाताने मोडायला निघाला होता. पण त्यांना एकट्याला आत जाऊ देणं मला जमलं नाही.

आत काकांनी सांगितलं, "साहब, ग़लती मेरी है. फटा हुआ कवर मेरे नंबर पर पास हो गया."

मी म्हटलं, "सर, बटन मैंने सेट किया था."

"किससे पूछकर?"

"किसी से नहीं, सर."

साहेबांनी आधी मोटार थांबवली, कव्हर काढायला लावलं आणि रॉकेल-खडू स्वतःसमोर करवून घेतलं. पाऊण तास आम्ही तिघं त्या कव्हराभोवती उभे. शेवटी कोपऱ्यात करंगळीएवढी काळी रेघ उमटली. साहेब मला म्हणाले की एक आठवडा देतो, यंत्र नीट कर, नाहीतर दादा रिकॉर्डला आणि तुझ्यावर चार्जशीट. बोलणं कडक होतं, पण आठवडा दिला हे मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी यंत्राला हात लावला नाही. सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत काकांच्या मागे हिंडले. ते कधी वाकतात, कधी थांबतात, कुठल्या हातात दिवा असतो, चहाला जाताना जॉबवर काय ठेवून जातात, सगळं लिहून घेतलं. चहासुद्धा त्यांच्याबरोबर प्याले, घड्याळ लावून. मग त्यांना विचारलं, "आता सांगा, कळा कशा पाहिजेत?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

ते म्हणाले, "पास करायला मला हातोडा उचलावा लागतो. नापास करायला खडू पुरतो. तसं कर."

मी तसंच केलं. हिरवी टिकली: मापं जपून ठेवायची, शेवटचा रकाना रिकामा, पुढचा जॉब. काळी टिकली: नापास, एकदाच दाबायची, कुठेही असलात तरी. आणि पास करायला कळच ठेवली नाही. रिकाम्या रकान्यांच्या यादीत जायचं, जॉब शोधायचा, आपल्या नंबराचे चारही आकडे स्वतःच्या बोटाने एकेक करून दाबायचे, मगच तो पास. मॅक्रो करणारीने सगळ्यांत जास्त वापराच्या कामाला मॅक्रो नाकारला, यावर माझी मैत्रीण खूप हसली. मी नाही हसले. पुढच्या महिन्यात साहेबांनी पाचही यंत्रांवर तीच मांडणी चढवायला सांगितली. चांगलं काम होतं ते. मी केलं होतं म्हणून नाही म्हणत, चांगलंच होतं.

काका शॉपमध्येच राहिले. महिने गेले आणि तो दिवस आला.

काकू मोतिया रंगाची साडी नेसून गेटपास हातात घेऊन आल्या. गेटवर त्यांच्या अंबाड्यावर पिवळं हेल्मेट चढवलं, ते काही नीट बसेना. मशीन शॉपवाल्यांनी काकांच्या शेवटच्या जॉबसाठी मुद्दाम एक सुरेख कव्हर निवडून, घासूनपुसून ठेवलं होतं. भोवती पन्नास माणसं, टेबलावर शाल, नारळ, मिठाईचे डबे. काकांनी मापं घेतली. बारा घरं भरली, हिरवी टिकली दाबली. लोकांनी टाळ्या वाजवायला हात वर केले आणि काकांनी रॉकेलचा डबा उचलला.

"दादा, आज तो छोड़ो!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. काकाही हसले आणि त्यांनी कोपऱ्यांना रॉकेल लावलं. थांबले, पुसलं, खडू फासला. मग काकूंना म्हणाले, "चल, मी डबा कुठे खातो ते दाखवतो." दोघं खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले आणि चहा प्यायले. पन्नास माणसं मिठाईकडे बघत उभी.

परत आले, दिवा घेतला, वाकले. मी त्यांच्या शेजारीच होते. डाव्या कोपऱ्यात, कडेला, एक रेघ. केसाएवढी. बोटाच्या पेरापेक्षा मोठी नसेल. मी काही बोलायच्या आत त्यांचा अंगठा काळ्या टिकलीवर गेला होता. एकदाच दाबली. पडद्यावर ‘नापास’ आलं, त्याखाली त्यांचा नंबर.

साहेब पुढे आले आणि अगदी हळू म्हणाले, "दादा, दूसरा मँगवा लेते हैं. भोंपू में बीस मिनट हैं. सीधा पंच मार दीजिए, बाक़ी हम कल देख लेंगे."

"बिना देखे, साहब?" काकांनी विचारलं. मग खिशातून पंच काढला, रुमालाने पुसला आणि साहेबांच्या हातावर ठेवला. साहेबांनी त्यांना शाल पांघरली. टाळ्या वाजल्या, पण अर्धवट. काकूंना नक्की काय झालं ते कळलं नव्हतं. त्या सगळ्यांना पेढे देत फिरल्या.

गेटाकडे जाताना काकू पुढे होत्या, नारळ आणि शिल्लक डबा घेऊन. मी काकांच्या बरोबरीने चालत होते आणि आतून नुसती धुमसत होते. आठ महिने मी याच दिवसासाठी झगडले होते. न राहवून बोललेच. "दुसऱ्यावर पंच मारायचा होता काका. सगळे त्यासाठीच तर आले होते. तुम्हाला नको होता का?"

"फार हवा होता गं," ते म्हणाले. "फार."

आणि ते चालता चालता रडायला लागले. तोंड वळवलं नाही, डोळे पुसले नाहीत. काकूंनी मागे वळून पाहिलं, तेव्हा ते हात हलवून म्हणाले, "चल, चल, आलोच." त्यांच्या जागी मी असते तर त्या दुसऱ्या कव्हरावर ठोका मारून मोकळी झाले असते. हे मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही ठाऊक होतं.